एकट्या माकडाचा चाळा थांबवायला पिंजऱ्यात काय ठेवावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वनखात्याच्या परवानगीने तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात जखमी वन्यप्राण्यांसाठी लहानसं उपचार केंद्र चालवता. पाच महिन्यांपूर्वी तुमच्याकडे लाल तोंडाचं एक माकड आलं, नर, वय अंदाजे सात वर्षं. त्याआधी तो पिल्लू असल्यापासून किनाऱ्यालगतच्या एका घरात कमरेला साखळी घालून बांधलेला होता. आता तो पिंजऱ्यात आठाच्या आकड्यात फेऱ्या मारतो आणि मधूनच स्वतःच्या डाव्या दंडाला चावतो. तुम्ही चेंडू दिला, आरसा लावला, टायर टांगला. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. शेजारच्या पिंजऱ्यात दोन तरण्या वानरी आहेत, त्यांतल्या एकीचा हात विजेच्या तारेने गेला आहे. एका देणगीदाराने दहा हजार रुपये देऊ केलेत आणि त्यांतून कोणती खेळणी मागवावीत, असं तुम्ही विचारलंय.

एकही मागवू नका. ते पैसे कुठे घालायचे ते पुढे येईलच, पण आधी त्या माकडाचा दिवस कसा जातो ते बघू.

तुम्ही लिहिलंय की सकाळी आठला ताटात पाव, केळी, शेंगदाणे आणि संध्याकाळी पाचला पुन्हा तसंच. लाल तोंडाच्या माकडाला, म्हणजे पुस्तकात ज्याला बॉनेट मकाक म्हणतात त्याला, गालात पिशव्या असतात. कळपात वरच्या मानाच्या नराने हाकलण्याआधी मिळेल ते भरून घ्यायचं आणि लांब जाऊन निवांत खायचं, यासाठी ती सोय. तुमच्या ताटातला अर्धा माल दोन मिनिटांत गालात जातो, बाकीचा दहा मिनिटांत पोटात. आठ वाजून बारा मिनिटांनी त्याचं दिवसाचं काम संपलं! आता पाच वाजेपर्यंत त्याने करायचं काय? बागेतलं माकड हाच वेळ पानं उलटून बघण्यात, साल सोलून किडे काढण्यात, करवंदाच्या जाळीत हात घालण्यात, दुसऱ्याच्या पाठीतल्या उवा काढण्यात आणि शेतकऱ्याच्या शिव्या खाण्यात घालवतं. तुमच्या नराला यांतलं काहीच नाही. शिव्यासुद्धा नाहीत. पायांना आणि हातांना जे करायचंय त्याला वाट मिळाली नाही की फेऱ्या सुरू होतात, आणि फेऱ्यांनी भागलं नाही की दंड.

मी गुरांचा डॉक्टर म्हणून नोकरीला लागलो, माकडं नंतर पदरात पडली. सुरुवातीची काही वर्षं मीही चेंडूच टाकत होतो. चेंडू चौथ्या दिवशी मरतो, कारण त्यातून काही निघत नाही आणि माकडाने काहीही केलं तरी तो चेंडूच राहतो.

पण खाण्याच्या कामाआधी सोबतीचं बोलायला हवं, कारण तुमच्या नराचं मूळ दुखणं तिथे आहे.

बॉनेट मकाक ही मुळातच चिकटून बसणारी जात. १९६० च्या दशकात अमेरिकेत रोझेनब्लम आणि कॉफमन यांनी बॉनेट आणि डुकरासारख्या आखूड शेपटीचे पिगटेल मकाक शेजारी शेजारी ठेवून पाहिले. सारखीच जागा, सारखंच खाणं. पिगटेल आपापलं अंतर राखून बसत, बॉनेट मात्र एकमेकांच्या अंगावर रेलून गठ्ठा करून बसत. पिल्लाची आई बाजूला काढली तर बॉनेटांमध्ये दुसऱ्या माद्या त्याला उचलून घेत. संध्याकाळी आपल्याकडे पिंपळावर किंवा देवळाच्या कौलांवर माकडं बसतात ते बघा, कुणाची शेपटी कुणाची हे कळत नाही. अशा जातीतला जीव सहा-सात वर्षं एकटा बांधलेला होता. हॅरी हार्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ऱ्हीसस या मकाकांच्याच दुसऱ्या जातीच्या पिल्लांना आईपासून आणि इतर सगळ्यांपासून तोडून वाढवलं, तेव्हा ती स्वतःलाच मिठी मारून डोलायची, स्वतःला चावायची. ते प्रयोग वाचवत नाहीत. पण तुमच्याकडच्या नरावर नकळत तोच प्रयोग झालाय, म्हणून सांगतो. आणि बांधणाऱ्या माणसाने त्याला प्रेमाने बिस्किटं घातली असणार, याबद्दल मला शंका नाही.

तेव्हा पहिला खर्च आहे जाळीच्या दाराचा. तुमच्या पिंजऱ्याला लागून दुसरा कप्पा करा आणि मध्ये सरकतं दार ठेवा. वनखात्याकडून किंवा दुसऱ्या केंद्रातून सोडता न येण्यासारखी एखादी बॉनेट मादी मिळते का ते विचारा. वयस्कर असली तर उत्तम, एका डोळ्याची किंवा लंगडी असली तरी चालेल. आल्यावर तिला निदान महिनाभर वेगळं ठेवा, क्षयाची तपासणी दोघांचीही करा. मकाकांना क्षय फार लवकर धरतो, आणि तो बहुतेक वेळा माणसाकडूनच येतो. त्यामुळे खोकणारा माणूस पिंजऱ्याकडे फिरकता कामा नये, मग तो देणगीदार का असेना. नराची नसबंदी करून घ्या, कारण उपचार केंद्रात पैदास करायची नसते. शेजारी वानरी आहेत म्हणून त्यांनाच सोबतीला घालू नका. जात वेगळी, बोली वेगळी, आणि नराचे सुळे तुम्ही पाहिलेच असतील.

मग घाई न करता गाठ घालायची. आधी दोन जाळ्या, मध्ये वीतभर अंतर. मग एकच जाळी. मी पाहिलेली अशी एक गाठ सांगतो. तोही नर साखळीतलाच होता, कमरेभोवती केस न उगवलेला पट्टा होता. मादी पलीकडे आली तेव्हा तो आधी वरच्या फळीवर जाऊन पाठ करून बसला. तासाभराने खाली आला आणि ओठ चुपचुप हलवायला लागला. माकडांच्या बोलीत हा रामराम. ती जाळीला पाठ टेकून बसली. त्याने बोट जाळीतून घातलं, मागे घेतलं, पुन्हा घातलं, आणि तिच्या पाठीवरचा एकच केस बाजूला करून बघत राहिला. केस विंचरायचा कसा हे त्याला नीट येतही नव्हतं, ओढायचा. तिने वळून त्याच्याकडे एकदा पाहिलं, तसा तो हळू झाला. त्या दिवशी त्याने सव्वा तास एकही फेरी मारली नाही. मी घड्याळ लावून बसलो होतो.

जाळीतून असं विंचरणं चार-आठ दिवस दिसलं आणि दात-डोळे वटारणं नसलं, तरच दार उघडा. सकाळी उघडा, दोघांची पोटं भरलेली असताना, आणि दिवसभर माणूस तिथे हवा. दोन्ही कप्प्यांत जायला दोन वाटा ठेवा. कोपऱ्यात सापडलं की भांडण वाढतं, वळसा घालून निसटता आलं की मिटतं. मधे झावळांचा किंवा चटईचा आडोसा करा. नजरेआड होता येणं हीसुद्धा सोयच. मादी मिळाली नाही तर आईविना आलेलं वर्ष-दीड वर्षाचं पोर हा दुसरा पर्याय. बॉनेट नर पोरांना बऱ्यापैकी सोसतात, पण सगळेच नाही. तिथे माझ्या भरवशावर जाऊ नका, जाळीआडून पुष्कळ दिवस बघा.

एक सावधगिरी इथेच. माकड नवीन आलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला, माणसं गेली, तेव्हापासून सिंधुदुर्गात हा विषय कुणाला समजावावा लागत नाही. पण तुमच्याकडे रत्नागिरीत अजून सैलपणा दिसतो. हा आजार पहिल्यांदा १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला, तो गोचिडीतून पसरतो. दक्षिणेकडून आणलेलं किंवा रानात आजारी सापडलेलं माकड हाताळताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे हवेतच. मेलेलं सापडलं तर हात न लावता वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवायचं. चावलं किंवा ओरबाडलं तर साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ बघून पंधरा, आणि मग डॉक्टरकडे. रेबीजची लस आहेच, शिवाय मकाकांमध्ये हर्पीस बी नावाचा विषाणू असू शकतो. त्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही, माणसाला तो क्वचित होतो पण झाला तर जिवावर बेततो.

आता काम.

१९५० मध्ये याच हार्लोने दाखवलं होतं की ऱ्हीसस माकडं खिळी-कडी-बिजागरीची कोडी कसलंही खाणं न मिळता सोडवत बसतात, पुन्हा पुन्हा. म्हणजे हातांना उद्योग हवा असतो, बक्षीस नंतरचं. त्याला पोटाची जोड दिली की दिवस भरतो. त्यासाठी बाहेरून काही आणायची गरज नाही, कोकणात सगळं वाडीत पडलेलं असतं.

बांबू घ्या. पण माणगा नको. माणगा भरीव, त्याची नळी होत नाही. तो आडव्या दांड्यांना, बसायच्या फळ्यांना वापरा, वर्षानुवर्षं टिकतो. खाण्याच्या नळीला जाड, पोकळ कळक लागतो. दोन पेरांचा तुकडा कापा, दोन्ही टोकांची गाठ राहू द्या, म्हणजे आत दोन बंद खोल्या होतात. प्रत्येक खोलीला दोन भोकं पाडा, एक बोट जाईल एवढं, दुसरं भिजवलेला हरभरा जेमतेम पडेल एवढं. कडा कानशीने घासून गुळगुळीत करा, नाहीतर बोट कापतं. आत हरभरे, कुळीथ, नाचणीच्या उकडीच्या गोळ्या. पिंजऱ्याच्या बाहेरून आडवा बांधा, म्हणजे त्याला जाळीतून हात घालून काम करावं लागेल. पहिल्या दिवशी तो नळी हलवेल, चावेल, चिडून जाळी खडखडवेल. मग एक दाणा अपघाताने पडेल. तो दाणा खाऊन तो भोकाकडे डोळा लावून बघेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोटाने दाणा भोकाशी आणून नळी कलती करायची युक्ती सापडते, आणि मुठीतलं खाणं दोन मिनिटांऐवजी पाऊण तास पुरतं. आठवड्याने भोकं बदला. नळी उभी करा. दोन नळ्या एकात एक घाला. युक्ती सापडली की खेळ संपतो, म्हणून दर वेळी थोडं अडवायचं, पण इतकं नाही की हात टेकून बसेल.

सुक्या नारळाचं सोडण तसंच ठेवून त्याच्या किशीत शेंगदाणे रुतवा. करवंटीच्या दोन भकलांत आवळ्याची फोड घालून सुंभाने आवळा. पोफळीची विरी द्रोणासारखी दुमडून आत तवशाच्या फोडी ठेवा, तो ती उलगडत बसेल, नंतर फाडत बसेल, आणि फाडण्यात त्याला खाण्याइतकीच मजा येईल. नारळाची पोय, केळीचा सोप, हे सगळं फाडायला उत्तम. फाडलेला कचरा संध्याकाळी तुमच्या माणसाला झाडावा लागेल. तो कुरकुरला तर त्याला सांगा, ज्या दिवशी पिंजरा स्वच्छ राहील त्या दिवशी माकड आजारी किंवा कंटाळलेलं समज.

यात लोक एक चूक हमखास करतात. रोजचं ताट तसंच ठेवून हा खाऊ वरून देतात. वर्षभरात माकड सुटतं. बांधीव मकाकांना लठ्ठपणा आणि मधुमेह सहज होतो. रोजचा शिधा तेवढाच ठेवा, फक्त ताट काढून टाका. तोच शिधा सहा-सात ठिकाणी, सहा-सात वेळा. पाव आणि बिस्किटं कायमची बंद. पेरू, आवळा चालू करा, कारण माकडाच्या शरीरात आपल्यासारखंच क जीवनसत्त्व तयार होत नाही. शेंगदाणे पावसाळ्यात शक्यतो टाळा. बुरशी आलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन असतं, ते यकृत खातं, आणि आषाढात कोकणात बुरशी कशाला येत नाही ते सांगा.

याच कारणाने एक पुस्तकी उपाय मी इथे जपून वापरतो. जमिनीवर लाकडाच्या भुशाचा जाड थर घालून त्यात धान्य विखुरलं की माकडं तासन्‌तास शोधत बसतात, भांडणं कमी होतात, आणि थर जुना झाला तरी त्यात जंतू वाढत नाहीत, असं माकडवर्गातल्या (प्रायमेट) आठ जातींवर केलेल्या १९८२ च्या अभ्यासात दिसलं होतं. जगभर त्याचा आधार घेतात. खरं आहे, पण ते झालं थंड देशातल्या छपराखालच्या खोल्यांत. आपल्याकडे दिवाळी ते मे भाताचा पेंढा घाला, वीतभर, सुरेख चालतो. मिरग लागला की काढा. मी एका वर्षी आळस केला, जून अखेरपर्यंत पेंढा राहिला, खालून काळा पडला होता हे वरून दिसलंच नाही. तीन माकडं खोकायला लागली. पावसाळ्यात मी त्याऐवजी नदीतले गोटे घेतो, मुठीएवढे. एका उथळ घमेल्यात गोटे भरायचे आणि खाली धान्य टाकायचं. गोटे उचलून बघण्यात वेळ जातो आणि धुवायला सोपे. फक्त गोटा तोंडात मावेल एवढा नको, आणि शेजारी काच नको.

काय देऊ नये तेही लिहितो, कारण इजा इथेच होते. काजऱ्याची फांदी चुकूनही नको, तिच्या बीतलं विष सगळ्यांना ठाऊक आहे. कण्हेर नको, एरंड नको, धोतरा नको. काजूचा बोंडू द्या, बी नको, टरफलातल्या तेलाने तोंड भाजतं. आंब्याच्या कोवळ्या फांदीचा चीक निथळू द्या. रंग दिलेलं लाकूड नको. दोरी दिली तर दोन्ही टोकं बांधलेली, आणि गळ्याला फास बसणार नाही एवढी ताणलेली. आणि मासेमारीचं जुनं जाळं नको. बंदरावरून फुकट मिळतं, झोळी म्हणून झकास दिसतं. मी बांधलं होतं. सकाळी येऊन बघतो तर पिल्लाच्या पायाचं बोट नायलॉनच्या धाग्यात अडकून काळंनिळं झालेलं. बोट काढावं लागलं. त्याची आई पुढे महिनाभर मी दिसलो की ओरडायची, आणि तिचं बरोबरच होतं.

आरसा आजच काढा. १९७० मध्ये गॅलपने दाखवलं की चिंपांझी आरशात स्वतःला ओळखतात, मकाक ओळखत नाहीत. तुमच्या नराला त्यात दिसतो एक अनोळखी नर, जो डोळ्यांत डोळे घालून बघतो आणि काही केल्या मागे हटत नाही. नजर रोखणं म्हणजे धमकी. दिवसरात्र शेजारी धमकावणारा ठेवल्यावर दंड चावणार नाही तर काय करेल? हातात धरता येईल असा छोटा स्टीलचा आरसा बाहेरून साखळीला लावला, त्याला हवा तेव्हा फिरवता आला, तर गोष्ट वेगळी. तो वापरून माकडं कोपऱ्यापलीकडून कोण येतंय ते बघतात, हे मी स्वतः पाहिलंय.

हा ‘हवा तेव्हा’ फार महत्त्वाचा आहे. १९८६ मध्ये मिनेका, गनर आणि शांपू यांनी ऱ्हीसस पिल्लांचे दोन गट वाढवले. एका गटाला कळ दाबून, साखळी ओढून खाऊ-पाणी मिळवता यायचं. दुसऱ्याला तेवढंच, त्याच वेळी, आपोआप मिळायचं. मिळकत सारखी. पुढे नव्या, भीतीदायक गोष्टीसमोर पहिला गट जास्त धीट निघाला. म्हणून तुमच्या नराला काही गोष्टी ठरवू द्या. आत की बाहेर, वर की खाली, उन्हात की सावलीत, दिसावं की लपावं. एक फळी माणसाच्या डोक्यापेक्षा उंच हवी. झाडावर राहणाऱ्याला खालून वर बघणारा माणूस सोसतो, वरून खाली बघणारा सोसत नाही. तुमच्या फोटोत सगळ्यात उंच फळी कमरेएवढी दिसते आहे. ती या आठवड्यात बदला, माणग्याला पैसे पडत नाहीत.

पिंजऱ्याबद्दल आणखी दोनच गोष्टी. छप्पर पत्र्याचं आहे. मुसळधार पाऊस लागला की खाली बसून बघा, दहा मिनिटांत कान बधिर होतात. त्याला सगळी रात्र तिथे काढायची असते. पत्र्यावर झापांचा जाड थर घाला किंवा निदान रात्रीच्या कप्प्यावर नळे टाका. आणि खाऱ्या वाऱ्याने जाळी गंजते. माकडं ती चाटतात, सोललेल्या खपल्या चावतात. गॅल्व्हनाइज्ड जाळीतलं जस्त पोटात जाऊन मकाकांची पिल्लं फिकी, अशक्त झाल्याच्या नोंदी आहेत. दर हिवाळ्यात घासून बघा, खपल्या निघतात तेवढा भाग बदला.

चावण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. आधी पशुवैद्याकडून दंड, दात आणि कातडी नीट तपासून घ्या. आत जुनी जखम ठसठसत असेल तर जगातला बांबू उपयोगाचा नाही. तसं काही नसेल तर वही घाला. दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं, दर अर्ध्या मिनिटाला त्या क्षणी तो काय करतोय ते एका अक्षरात लिहायचं. खाणं ख, फेरी फ, चावणं च, विंचरणं व, स्वस्थ बसणं स. शेजारी कोण आलं, काय आवाज झाला तेही. काहीही बदलण्याआधी आठवडाभर लिहा, नाहीतर नंतर फरक पडला की नाही हे मनाला वाटेल तसं ठरेल. माझ्या अंदाजाने चावणं दोन वेळांना दाटलेलं दिसेल. एक म्हणजे ताटाच्या आधीची पंधरा मिनिटं, भांड्यांचा आवाज येतो पण खाणं येत नाही तेव्हा. दुसरी म्हणजे शाळेची पोरं बघायला येतात तेव्हा. पहिल्यावर उपाय असा की खाणं अनियमित वेळी द्या, पण देण्याआधी एक ठरावीक घंटा वाजवा, आणि घंटा वाजली की खाणं आलंच पाहिजे. बाकीचे आवाज मग त्याच्या लेखी निरर्थक होतात. दुसऱ्यावर उपाय एक बाजू झापांनी बंद करणं. आणि पोरांना सांगा, माकड दात विचकतं तेव्हा ते हसत नसतं, घाबरलेलं असतं. तोंड वासून जांभई देतं तेव्हा झोप आलेली नसते.

तो चावायला लागला की केळं घेऊन धावू नका. दोन महिन्यांत तो तुम्हाला शिकवून ठेवेल की दंड चावला की केळं येतं. ओरडूही नका. शांत असेल तेव्हा जवळ जा, बसा, नजर बाजूला ठेवा. रोज एकच माणूस, एकाच वेळी, पंधरा मिनिटं. मादी येईपर्यंत तीच त्याची सोबत. याच बसण्यात त्याला काठीच्या टोकाला हात लावायला, मग जाळीशी दंड टेकवायला शिकवता येतं. बरोबर केलं की शिट्टी आणि एक दाणा, चुकलं तर काहीच नाही. दंड टेकवायला शिकला की जखमेला औषध लावायला बेशुद्धीचं इंजेक्शन लागत नाही. कोणी म्हणेल, ‘म्हणजे मदाऱ्यासारखंच की!’ १९९८ च्या अधिसूचनेने माकडांचे खेळ बंद झाले, ते खेळ मार आणि उपाशीपोटी शिकवलेले होते. इथे त्याला उठून जाता येतं. तो उठून गेला तर त्या दिवसाचा तास संपला, एवढाच नियम पाळा.

आठाच्या आकड्याबद्दल फार आशा लावत नाही. वर्षानुवर्षं पडलेला चाळा परिस्थिती सुधारली तरी पूर्ण जात नाही, जुन्या जखमेच्या वणासारखा राहतो. फेऱ्या निम्म्यावर आल्या आणि हाक मारल्यावर तो मध्येच थांबू लागला, तर मी ते यश मानेन. चावणं मात्र थांबायला हवं, आणि सोबत मिळाली तर बहुतेक थांबतं. याला रानात सोडायचा विचार डोक्यातून काढा. हा माणसाच्या ओट्यावर वाढलाय. सोडलात तर पहिल्या घराच्या पडवीत जाऊन बसेल आणि कुणाला तरी चावेल.

राहिल्या वानरी. त्यांचं गणित वेगळं आणि खरं तर सोपं. वानराचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं, गुरासारखं पानं आंबवून पचवणारं. पाव आणि पिकलेली केळी म्हणजे त्या पोटात आम्ल आणि फुगारा. दोघींचं ते आजपासून कमी करायला लागा, आणि एकदम नव्हे तर आठवडाभरात पूर्ण पानांवर आणा. वड, पिंपळ, उंबर, शिरीष, शेवगा, पांगाऱ्याची फुलं मिळाली तर फुलं. पानं खुडून टोपलीत देऊ नका, अख्ख्या फांद्या उंच टांगा. फांदी वाकवणं, कोवळं निवडणं, देठ टाकणं हेच त्यांचं बांबूचं कोडं. हात गेलेली वानरी सुरुवातीला फांदी धरू शकणार नाही, तिच्यासाठी फांदीचा बुंधा जाळीला घट्ट बांधा म्हणजे एका हाताने खुडता येईल. दोघी एकमेकींना विंचरतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे अर्धं काम त्यांनीच केलंय.

रोज एवढा पाला आणायचा कुठून, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. विजेच्या तारांखालच्या फांद्या तोडायला माणसं येतात, त्यांना फोन नंबर देऊन ठेवा. तोडलेला पाला त्यांना कुठे तरी टाकायचाच असतो. आणि दहा हजारांतून दार, जाळी आणि माणगे-कळक झाल्यावर जे उरेल ते खेळण्यांत न घालता रोज दुपारी दोन तास येऊन नळ्या भरणाऱ्या, वही लिहिणाऱ्या एखाद्या मुलीच्या मानधनाला लावा. पहिल्या आठवड्याच्या वहीची पानं मला पाठवा, मग मादी आणण्याबद्दल पुढचं बोलू.